दातदुखीवाल्या बाईचा गाल

४ जून

कॉलेजनं शिकाऊ पाथरवटांना एक वही दिलीय. तिच्यात रोज लिहायचं: आज काय काम केलं, आज काय शिकलो, खाली शिकवणाऱ्याची सही. ती वही आमचा फोरमन टॉश बघतो, कॉलेज बघतं, आणि आई मी अंघोळीला गेले की बघते. म्हणून ही दुसरी वही. हिच्यात खरं.

आज काय शिकले: वॉटी इम्लॅकच्या थर्मासमध्ये चहाऐवजी मटणाचा रस्सा भरला, तर तो एक घोट घेतो, गिळतो, झाकण लावतो आणि म्हणतो, "मीठ कमी आहे." बस. ना ओरडला, ना हसला. माझा अर्ध्या रात्रीचा रस्सा फुकट.

मला कालपासून या म्हाताऱ्याच्या हाताखाली टाकलंय. चौसष्ट वर्षांचा. इन्व्हरकेल्डीची ही ॲबी, म्हणजे साधूंचा जुना मठ, दुरुस्त करायला अख्ख्या किनाऱ्यावरून निवडून आणलेला माणूस, सप्टेंबर संपला की रिटायर. आणि मी म्हणजे दोन मेमो मिळालेली. पहिला मेमो: थडग्यावर आडवा झोपलेला दगडी बिशप आहे ना, त्याला खेळण्यातले गरगर फिरणारे डोळे चिकटवले. दुसरा मेमो: बसमधून आलेल्या टुरिस्टांना साधूंचा संडास दाखवून सांगितलं की ही राजाची न्हाणी. सगळे रांगेनं बसून फोटो काढत होते. तिसरा मेमो मिळाला की घरी. टॉशनं मला बजावलंय.

रश्श्याची शिक्षा: टाकाऊ दगडावर छिन्नीनं शंभर सरळ रेघा. "नव्व्याण्णव झाल्या तरी चालतील?" मी विचारलं.

"चालतील की," वॉटी म्हणाला, "शंभरावी मोजून झाल्यावर."

११ जून

वॉटी दगडाचा पापा घेतो!! देवाशप्पथ. ताडपत्रीच्या फटीतून बघितलं. दगड घासला, फुंकर मारली, इकडेतिकडे बघितलं आणि खाली वाकून ओठ टेकवला. मग गाल टेकवला. डोळे मिटून.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर नक्कल केली. पावाच्या लादीला धरून "अरे माझ्या लाल दगडा, कुठं होतास इतके दिवस" असं. टॉशच्या नाकातून सूप आलं. मागं वळले तर दारात वॉटी.

"ओठ फार चंबू केलास," तो म्हणाला. "दगड लाजतो."

शिक्षा: पानं. टाकाऊ दगडावर ओकची चाळीस पानं, प्रत्येकाची शीर वेगळी.

१९ जून

आजचा बेत भारी होता पण वाया गेला. मागच्या भिंतीला ती खाजरी झुडपं वाढलीत, नुसता हात लागला की तासभर आग होते. त्यांचा पाला कुस्करून वॉटीच्या दोन्ही हातमोज्यांत भरला. आणि दबा धरून बसले.

त्यानं हातमोजे घातले. काम करायला लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चहाची वेळ झाली. काही नाही! शीळ घालत होता. माणूस आहे का गेंडा?

२० जून

वॉटीच्या बोटांवर फोड आलेत, टपोरे. टॉशनं विचारलं काय झालं. "चुना लागला," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हसायला येत होतं पण मजा नाही आली.

तरी शिक्षा आहेच: केसांच्या बटा. वीस.

८ जुलै

आता मोठं काम आलंय. पश्चिमेच्या दाराच्या कमानीला नऊ दगडी डोकी आहेत. राजा, राणी, जाडा साधू, जीभ काढलेला एक, असे. सगळ्यात खालची उजवीकडची म्हणजे दातदुखीवाली बाई, गालावर हात धरून बसलेली. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात ती पडली, चुरा झाली. तिचा एक जुना फोटो आहे फक्त. वॉटीनं तीच नव्यानं कोरायची. रिटायर व्हायच्या आधीचं शेवटचं काम.

आज पुरातत्त्व खात्याच्या लॉरिमरबाई आल्या होत्या. त्या बोलल्या की टॉशसुद्धा टोपी काढतो. स्पष्ट सांगून गेल्या: सप्टेंबरअखेर दगड बसला पाहिजे. नंतर गारठा पडतो, चुना धरत नाही, मग थेट वसंतापर्यंत थांबा. आणि एवढं थांबायला खातं तयार नाही. वॉटीला जमलं नाही तर दक्षिणेत मशीनवर कापून आणतील.

"मशीनवर?" वॉटी म्हणाला. "मशीनला कधी दात दुखलाय का?"

फोटोत बाईचा गाल झिजून गुळगुळीत झालेला दिसतो. लॉरिमरबाईंचं म्हणणं, नवा गालही तसाच झिजलेला करा. वॉटी म्हणाला, "झिजवायचं काम आपलं नाही, लोकांचं." बाईंनी थोडा विचार केला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

नंतर त्यानं मोठ्या हातोड्यानं दगडाचा ओबडधोबड आकार काढला. तेव्हा मात्र बघत राहावं असं. दणादण. मग चारी बाजूंनी ताडपत्री ओढली आणि मला आत बोलावलं.

"रश्श्याची शिक्षा अजून बाकी आहे."

"ती झाली! शंभर रेघा!"

"त्या रेघा उद्धटपणाच्या. रश्श्याची ही. या बटा कोर."

"खऱ्या दगडावर?"

"मग काय पावाच्या लादीवर?"

मी छिन्नी उचलली. तो बाहेर ताडपत्रीच्या तोंडाशी छिन्नी हातात धरून बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं हाच काम करतोय. कामचुकार म्हातारा. शिक्षा मी भोगायची आणि नाव त्याचं.

२३ जुलै

आईला सांगितलं मी दातदुखीवालीचे केस कोरतेय. ती दुकानात मासे गुंडाळत होती, तशीच थांबली. म्हणाली, "पाच वर्षांची होतीस. दाढ किडली होती. रात्रभर भोकाड. सकाळी तुला खांद्यावर घेऊन तिथं गेले, तुझा हात तिच्या गालावर घासला."

"मग दुखायची राहिली?"

"दाढ? छे. दवाखान्यात उपटली. पण रडायची थांबलीस. म्हणालीस, हिलापण दुखतंय."

गावातली सगळी पोरं तिथं नेतात. आईलाही नेलं होतं तिच्या आईनं. म्हणून तर तो गाल झिजलेला.

६ ऑगस्ट

हात तीनदा करून झाला. म्हणजे बाईचा हात, गालावर धरलेला. टाकाऊ दगडावर तीनदा. वॉटी म्हणतो, "ही बाई विचार करतेय. हिला दुखत नाहीये."

"दुखताना हात कसा धरतात?"

त्यानं माझ्या हाताला धरून तो माझ्याच गालावर ठेवला. त्याची बोटं बर्फासारखी गार, ऑगस्टात. "दाब. अजून. आता बोटं कुठं वाकली बघ."

चौथ्या वेळी जमलं. आज कुठलीच खोडी केली नव्हती, तरी शिक्षा चालूच. विचारलं तर म्हणतो, "ॲडव्हान्स."

एक गंमत. याला कोटाची बटणं लावता येत नाहीत. कायम उघडाच फिरतो, मला वाटायचं ऐट. आज पाऊस आला तेव्हा लावायला गेला, मग सोडून दिलं. आळशी तरी किती असावं माणसानं.

१४ ऑगस्ट

काय लिहू कळत नाही.

दुपारी वॉटी मला दाखवत होता, नाकाजवळ छिन्नी कशी तिरकी धरायची. त्याची छिन्नी सटकली. तो बोलतच राहिला. मला दगडावर लाल ओघळ दिसला. आधी वाटलं ओला दगड, आमचा दगडच लाल. मग तो टपकायला लागला.

"वॉटी! बोट!"

त्यानं बोटाकडे बघितलं. असं बघितलं की जसं ते दुसऱ्या कुणाचं आहे. "हां," म्हणाला, "च्यायला."

चांगलं खोलवर कापलं होतं. त्याला कळलंच नव्हतं.

मी पट्टी बांधली. मग मी म्हणलं, "तो पाला. हातमोज्यातला."

"वास आला होता मला," तो म्हणाला. "नाक अजून शाबूत आहे."

"मग घातलेत कशाला?"

"काही जाणवतंय का, बघत होतो."

मग त्यानं सांगितलं. चाळीस वर्षं दगड फोडायची थरथरती मशिनं धरून बोटं मेलीत. आधी पांढरी पडली, मग मुंग्या, मग काहीच नाही. म्हणून तो ओठ लावतो. दगड गुळगुळीत झाला का ते त्याला आता ओठानं आणि गालानंच कळतं. आणि मी पावाच्या लादीला धरून सगळ्यांना हसवलं.

"कुणाला माहितीय?"

"आता तुला. खात्याला कळलं तर त्याच दिवशी साइटवरून बाहेर, आणि बाई जाणार मशीनवर." मग म्हणाला, "तुला तोंड बंद ठेवता येतं का गं? आत्तापर्यंत तरी दिसलं नाही."

"येतं."

"बघू."

१५ ऑगस्ट

माफी मागायची होती. सकाळी त्याच्या कोटाची बटणं लावून दिली. तो म्हणाला, "वरचं राहू दे, गळा आवळतो." मागितली नाही.

२ सप्टेंबर

बाई जवळजवळ झाली. केस, हात, नाक, सुजलेली बाजू. गाल राहिलाय.

आज लॉरिमरबाईंचा फोन. बारा तारखेला उघडा दिवस. दरवर्षी सप्टेंबरात एक दिवस सगळ्यांना फुकट आत सोडतात. यंदा लोकांसमोर वॉटी इम्लॅक दातदुखीवालीचा गाल कोरून दाखवणार. पोस्टरही छापलं. टॉश खूश. वॉटी म्हणाला, "हो, दाखवू की," आणि चहा ओतायला गेला तो कपाच्या बाहेर.

"नाही म्हणा ना," मी म्हणलं.

"कारण काय सांगू?"

"पाठ धरलीय सांगा."

"मग डॉक्टर बघणार. पहिल्यांदा हातच बघणार."

गाल मीच करतेय रोज थोडा थोडा. तो गाल टेकवून बघतो. "इथं. केसाएवढं." मी घासते. पुन्हा टेकवतो. बारा तारखेला मात्र ताडपत्री नसणार.

१२ सप्टेंबर

केलं.

रात्रभर विचार केला होता. वॉटीच्या छिन्न्या लपवल्या तर टॉश आपल्या देणार. सगळ्यांच्या लपवल्या तर शोधतील. म्हणून पहाटे सगळ्यांची अवजारं, झाडून सगळी, साधूंच्या जुन्या कोठारात नेऊन ठेवली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत. बुडुक्.

दहा वाजता गर्दी. लॉरिमरबाई, शाळेची पोरं, बटाट्याचं सूप विकणाऱ्या चर्चच्या बायका. आई पण आली होती. टॉश पळत आला, तोंड पांढरंफटक. "अवजारं कोठारात! किल्ली नाही!"

"तोडा दार," कुणीतरी म्हणालं.

"तोडा?" लॉरिमरबाई म्हणाल्या. "ते दार सोळाव्या शतकातलं आहे. कुलूपही. एक खिळा हलवायचा तर तीन महिन्यांची परवानगी लागते."

"परवानगी कोण देतं?"

"मी देते," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी."

शेवटी वॉटीला दगडाशेजारी नुसतंच उभं केलं. अवजार नाही म्हणल्यावर तो बोलायला लागला. मी त्याला इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. हा दगड कुठल्या खाणीचा, बटेतली वळणं कुठून सुरू करायची, हात गालावर दाबला की बोटं कशी वाकतात. पोरांना आपापल्या गालावर हात धरायला लावले. तीस पोरं दात दुखल्यासारखी उभी. एकानं विचारलं, "हिला कधी बरं वाटणार?" वॉटी म्हणाला, "हिला नाही वाटणार. तिच्यासमोर आपण सोसायचं, एवढंच."

मग टॉशनं विचारलं, किल्ली कुणी घेतली. मी हात वर केला.

आई गर्दीतून माझ्याकडे बघत होती. तिसरा मेमो म्हणजे काय ते तिला माहितीय.

१५ सप्टेंबर

सकाळी दहाला ऑफिसात. लॉरिमरबाई, टॉश, मी. टॉशनं तीन दिवस दोरीला लोहचुंबक बांधून किल्ली काढलेली, ती टेबलावर. सोबत एक गंजका चमचा पण आला होता.

"का केलंस?" बाईंनी विचारलं.

"गंमत म्हणून."

"हसलं कोण?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात वॉटी आत आला, न विचारता. कोट उघडाच. माझ्या मनात आलं आज कुणी बटणं लावली नाहीत.

"तिचा मेमो थांबवा," तो म्हणाला. "किल्ली तिनं माझ्यासाठी टाकली."

"वॉटी, नका," मी म्हणलं.

"तू गप. तोंड बंद ठेवता येतं, सिद्ध झालं. आता बास."

आणि त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर. बाईंनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "खिडकीबाहेर बघा." पेनाचं टोक हळूच त्याच्या करंगळीवर टेकवलं. "कुठलं बोट?"

"अंगठा," वॉटी म्हणाला.

टॉश किल्लीकडे बघत बसला.

"मग दगड?" बाईंनी विचारलं. "तो कुणी कोरला?"

"मोठा आकार माझा. बाकी सगळं हिचं. हिला वाटतं शिक्षा होती." माझ्याकडे न बघताच बोलत होता. "मे महिन्यात हिला कुणी घेईना. मी मागून घेतली."

"का?"

"त्या बिशपला डोळे चिकटवले होते ना हिनं. बघून आलो मी. दोन्ही एका रेषेत, दोरी न लावता. मी म्हणलं, हात खरा आहे. बाकीचं सुधारेल."

म्हणजे मला टाकलं नव्हतं. मागितलं होतं.

बाई उठल्या, बाहेर गेल्या, ताडपत्री सारली. दातदुखीवालीच्या गालावर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिल्या. परत येऊन वॉटीला म्हणाल्या, "आजपासून अवजार नाही. परांचीवर चढायचं नाही. मला हे लिहावंच लागेल." वॉटीनं मान हलवली. त्याला ते आधीच माहीत होतं. "दगड मात्र हाच बसेल. नोंदीत कोरणाऱ्याचं नाव काय लिहू?"

"वॉल्टर इम्लॅक," मी म्हणाले.

"मॉर्वेन गेडिस," तो म्हणाला.

"दोन्ही मावतात," बाई म्हणाल्या. मग टॉशकडे वळल्या. "मेमो मात्र एक द्यावाच लागणार. सोळाव्या शतकातली किल्ली खिळ्याला सुतळीनं कोण टांगतं?"

टॉशला पहिलाच मेमो. मी त्याला सांगितलं सवय होते.

२५ सप्टेंबर

आज बसवला.

आमच्यात पद्धत आहे, दगडाच्या आतल्या अंगावर, जे चुन्यात जाणार तिथं, पाथरवट आपली खूण कोरतो. ती कुणालाच दिसत नाही. वॉटीची खूण म्हणजे कावळ्याचा पाय, तीन रेघा. मी म्हणलं, "मी कोरते तुमची."

"खूण ज्याची त्यानं कोरायची."

"तुम्हाला अवजार बंद आहे."

त्यानं लॉरिमरबाईंकडे बघितलं. त्या तेवढ्यात राजा-राणीची डोकी बघायला निघून गेल्या.

दोन मिनिटांचं काम. त्याला सव्वा तास लागला. छिन्नी कुठं टेकलीय ते प्रत्येक वेळी वाकून ओठानं बघायचा. दोनदा सटकली. मी माझे हात मांडीखाली दाबून बसले होते, नाहीतर ते गेलेच असते पुढं. शेवटी त्यानं फुंकर मारली.

"वाकडं झालं का?"

"मधली रेघ थोडी."

"थोडी?"

"बरीच."

"हां," तो म्हणाला. आणि हसला, दात दाखवून. पहिल्यांदाच. "आता तुझी."

माझी खूणच नव्हती. मग शेजारी दोन टिंबं कोरली, डोळ्यांसारखी. एका रेषेत. त्यानं वाकून ओठ लावला, एकाला, मग दुसऱ्याला.

आम्ही चौघांनी दगड चुन्यावर ठेवला, पाचर मारून सरळ केला, वर ओलं गोणपाट. संध्याकाळी आई आली, गोणपाट उचलून गालाला हात लावला. "धारदार आहे गं," म्हणाली.

"जाईल घासून," वॉटी म्हणाला. "शंभर वर्षं द्या."

६ नोव्हेंबर

सकाळी पहिला गारठा, विहिरीच्या कडेला बर्फ. चुन्याचं काम बंद, आम्ही सगळे शेडमध्ये. वॉटी रिटायर झाला पण शुक्रवारी येतो. लॉरिमरबाईंनी कागदावर 'मार्गदर्शन' लिहिलंय. टॉश म्हणतो बसून शिव्या द्यायला ठेवलाय.

पहाटे दोन बारके बटाटे भट्टीत भाजले आणि त्याच्या हातमोज्यांत एकेक घालून ठेवला. मग जूनमधल्यासारखी दबा धरून बसले.

तो आला. हातमोजे घातले. काही कळलं नाही त्याला. शीळ घालत माझ्या कामाजवळ आला, दोन चुका काढल्या. मग थांबला. नाक वर केलं, वास घेतला. हातमोजा काढला, बटाटा बाहेर आला, वाफ निघत होती. त्यानं तो उचलून खालच्या ओठाला टेकवला, मग गालाला, डोळे मिटून. बराच वेळ.

शेवटी एक घास घेतला.

"मीठ कमी आहे," म्हणाला.